ओ

कांदाटी खोऱ्यातल्या एका गावाच्या वरच्या अंगाला, रानात जाणाऱ्या पायवाटेवर एक काळा कातळ आहे. गावात त्याला रेंजचा दगड म्हणतात. खाली घरात फोन म्हणजे नुसतं घड्याळ आणि बॅटरी. कुणाशी बोलायचं असेल, काही पाठवायचं असेल, तर चढण चढून या दगडावर यायचं. दगडाच्या कुठल्या टोकाला उभं राहिलं की किती कांड्या येतात, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे.

श्रावणातल्या एका दुपारी गावची आशाताई त्या दगडावर उभी होती. पाऊस दोन दिवस लागून राहिला होता. फोन तिने दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातला होता आणि पिशवीवरूनच बोट फिरवत होती. नुकतीच ती एका बाळंतिणीच्या घरून आली होती. बाळाचा तिसरा दिवस. झोळीत घालून काट्याला लावलं तेव्हा काटा एक किलो नऊशे ग्रॅमवर थांबला होता. अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे कमी वजनाचं, त्यात हे तर दोन किलोचंही नाही. तिने तळपायांना हाताची उलटी बाजू लावून पाहिली होती. पाय गार लागले होते. आईला तिने ऊब कशी द्यायची ते दाखवलं, दूध काढून चमच्याने पाजायला शिकवलं आणि मग ती चढण चढून वर आली.

ॲपमध्ये तिने वजन भरलं, तापमान भरलं, 'अंगावर नीट ओढत नाही' या ओळीपुढे खूण केली. शेऱ्यात लिहिलं, 'सिस्टरनी येऊन बघावं.' पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका होता. तिने 'पाठवा' दाबलं. 'नोंद पाठवली' अशी अक्षरं उमटली आणि फॉर्म कोरा झाला. पदराखालून तिने आपली वही काढली, बाळाच्या नावापुढच्या दोन रकान्यांत दोन टिका केल्या आणि ती खाली उतरली.

तो हिरवा ठिपका पुण्यात, बाणेरमधल्या एका छोट्या कंपनीत जन्माला आला होता. तो घडवणारा मुलगा सव्वीस वर्षांचा, मूळचा सातारचाच. काम त्याने मागून घेतलं होतं. नवजात बाळाच्या घरी जाऊन त्याला तपासण्याची ही पद्धत महाराष्ट्रातच, गडचिरोलीत उभी राहिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून ती राबवली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले होते आणि १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते जगापुढे आलं. २०११ पासून देशभरातल्या आशा हे काम करतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. या सहा भेटींत बाळाचं आयुष्य ठरू शकतं. मुलाने हे सगळं वाचलं होतं आणि मनापासून वाचलं होतं.

ठिपक्यामागचा हिशेब सोपा होता. फोनला विचारायचं, जोडलेला आहेस का? हो म्हणाला तर ठिपका हिरवा. नोंद लगेच धाडायची आणि फॉर्म कोरा करायचा. नाही म्हणाला तर ठिपका लाल. नोंद फोनातच ठेवायची आणि जोडणी आल्याची वर्दी मिळाली की धाडायची. चाचणीही झाली होती. विमान मोड चालू केला, ठिपका लाल. बंद केला, ठिपका हिरवा. वायफाय काढलं, घातलं, पुन्हा काढलं. ठिपका दर वेळी अचूक बदलला. खोलीतल्या सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या खोलीत दोनच अवस्था होत्या, असणं आणि नसणं. खोऱ्यात राहणाऱ्याला तिसरीही ठाऊक असते.

त्या दुपारी ती तिसरी अवस्था होती. समोरच्या डोंगरावरचा टॉवर बॅटरीवर तग धरून होता, पण टॉवरला बाकीच्या जगाशी जोडणारी ओळ पावसात कुठेतरी तुटली होती. फोनपासून टॉवरपर्यंत सगळं ठीक होतं, म्हणून कांड्या भरलेल्या. टॉवरच्या पुढे काहीच नव्हतं. कांड्या सांगतात ते एवढंच, की टॉवरचा आवाज किती मोठा ऐकू येतोय. टॉवरचं पुढे कुणाशी बोलणं चालू आहे की नाही, ते कांड्यांना माहीत नसतं. फोन खोटं बोलला नव्हता. जोडलेला आहेस का, असं त्याला विचारलं होतं. तो टॉवरला जोडलेला होता. नोंद फोनातून निघाली, वाटेत मेली, आणि तिच्यामागे काही उरू नये याची तजवीज ॲपने आधीच करून ठेवली होती.

सिस्टर आल्या नाहीत. आशाताईला वाटलं, उद्याच्या लाँचने येतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, पावसाने लाँच सुटली नसेल. सातव्या दिवशी ती भेटीसाठी गेली तेव्हा बाळ रडतही नव्हतं. तिने त्याला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधलं, वर दोन लुगडी आणि घोंगडी घातली, आणि मिळेल त्या होडीने दोघांना घेऊन ती तापोळ्याच्या दिशेने निघाली. बाळ वाचलं. बरेच दिवस दवाखान्यात राहून, वजन भरून घरी आलं. हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढची गोष्ट वाचताना मनाला तो घोर नको.

त्या मुलाला फोन आला तो मात्र बाळाचं काय होणार हे कुणालाच ठाऊक नसताना. दवाखान्याच्या व्हरांड्यातून आशाताई बोलत होती.

"दादा, माझी तिसऱ्या दिवसाची नोंद तुमच्याकडं आली होती का?"

त्याने पाहिलं. पुन्हा पाहिलं. नव्हती.

"ताई, तेव्हा नेटवर्क नसेल."

"हिरवा ठिपका होता, दादा."

ती भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती भांडली नाही. तिने एवढंच वाक्य सांगितलं, जसं कोर्टात साक्षीदार सांगतो तसं, आणि आत बाळाकडे गेली. मुलगा बराच वेळ फोन हातात धरून बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने सुटी टाकली आणि पहाटेची एसटी पकडली. कुणी त्याला जायला सांगितलं नव्हतं. माझ्या मते, या सगळ्या प्रकरणात त्याने केलेली सर्वांत योग्य गोष्ट हीच. चूक खोलीत बसून सापडली असती कदाचित, कळली नसती.

आशाताईच्या ओसरीवर त्याने ती वही पाहिली. साधी दोनशे पानी वही, रकाने पट्टीने आखलेले. नाव, तारीख, वजन, आणि शेवटी दोन अरुंद रकाने. एकावर लिहिलं होतं 'कळवलं', दुसऱ्यावर 'कळलं'.

"हे दोन कशाला?" त्याने विचारलं.

"पूर्वी चिठ्ठी लाँचवाल्याकडं द्यायचे, दादा. दिली की कळवलं. मग सिस्टरचा उलटा निरोप आला, की कळलं. मधे दोन दोन दिस जायचे. 'कळलं' रिकामं दिसलं की दुसरी चिठ्ठी धाडायची."

त्याने पानं उलटली. वर्षानुवर्षांच्या टिका. पहिल्या रकान्यातली टीक एका शाईची, दुसऱ्यातली वेगळ्या शाईची, कारण त्या वेगवेगळ्या दिवशी केलेल्या. मग ॲप आलं तो महिना. तिथून पुढे दोन्ही टिका एकाच शाईच्या, एकाच दमात ओढलेल्या.

"ॲप म्हणतंय ना, पाठवली म्हणून," ती म्हणाली. "मला वाटलं, आता दोन्ही एकदमच होतं."

त्याला काही बोलता आलं नाही. तिच्याकडे दोन शब्द होते. त्याने तिला एकच दिला होता, आणि ज्यात काही राहिलं असतं तो फॉर्मही कोरा केला होता. तिची वही कोरी झाली नव्हती, म्हणून निदान काय हरवलं ते तरी कळलं.

परतताना संध्याकाळची लाँच चुकली. गावातले तात्या त्याला होडीने पलीकडे सोडायला तयार झाले. तात्यांचं वय सत्तरीच्या पुढचं, अंगात जुनी बंडी, हात वल्ह्यासारखेच कडक. कोयनेचं धरण झालं आणि पूर्वी ढोपरभर पाण्यातून ओलांडायच्या नदीचा सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा शिवसागर झाला. समोर दिसणारं पाहुण्यांचं गाव एकाएकी लांब गेलं. तेव्हा तात्यांच्या वडिलांनी होडी घातली, त्यांच्यामागे तात्यांनी चालवली. मोटारलाँच आल्यावर धंदा गेला, होडी राहिली.

पाण्यावर धुकं उतरत होतं. पलीकडच्या काठावर एक दिवा लुकलुकत होता. मुलगा सहज म्हणाला, "तिकडे कोणीतरी आहे वाटतं."

"दिवा हाय," तात्या म्हणाले. "कोनी हाय का, ते हाक मारल्याबिगार कसं कळावं?"

आणि मग वल्ही मारता मारता ते बोलत राहिले. पूर्वी फोन नव्हते. काठावर आलेला माणूस हाक मारायचा. दिवा दिसतो म्हणून कुणी काठावर बसून राहत नसे. दिवा देवळातला असतो, कधी गुराख्याने विसरलेला असतो. हाक मारायची आणि ओ येईपर्यंत थांबायचं. ओ आली नाही तर लगेच बोंबलत सुटायचं नाही, घसा बसतो. थोडं थांबून पुन्हा, मग आणखी थोडं जास्त थांबून पुन्हा. आणि हाक नुसती मारायची नाही, नावानिशी मारायची: अमक्याचा तमका आलोय, होडी आणा.

"नाव कशापायी?"

"आरं, वारा असतो. तू तीनदा हाक मारलीस आन् मला तिन्ही ऐकू आल्या, तर मी काय समजू? तीन मान्सं हाईत म्हनून मोठी होडी काढू? नाव असलं म्हंजी कळतं, योकच हाय, घाबरलाय."

मुलगा हसला. तात्या हसले नाहीत. थोडा वेळ वल्ह्यांचाच आवाज येत राहिला.

"माझा बा योकदा चुकला," ते म्हणाले. "पावसाळ्याची रात. पलीकडनं हाक आली. बा घोंगडीत होता. तिथनंच ओ दिली, आन् डोळा लागला. त्यो मानूस रातभर काठावर भिजला. ओ आली नसती तर त्यो वर देवळात जाऊन निजला असता. ओ आली म्हनून बसून राहिला. सकाळी बा गेला तवा त्याला हुडहुडी भरली व्हती. त्या दिसापासनं बानं नेम केला. आधी पाय होडीत टाकायचा, मग ओ द्यायची. मीबी तसंच केलं."

मुलाने ते ऐकलं. गोष्ट म्हणून ऐकलं. तिचा त्याच्याशी काय संबंध आहे ते कळायला त्याला पुढचे दोन महिने लागले.

पुण्यात आल्यावर त्याने पहिल्यांदा आपला जुना कोड काढला. फोनला 'जोडलेला आहेस का' विचारणारी जी ओळ त्याने कुठूनतरी उचलली होती, ती अँड्रॉइडने २०१९ सालीच, दहाव्या आवृत्तीत, मोडीत काढायच्या यादीत टाकली होती. तिच्या जागी जे आलं होतं ते तो नीट वाचू लागला, आणि वाचता वाचता एका ठिकाणी थबकला. २०१५ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून फोन प्रत्येक जोडणीबद्दल दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगतो. एक, ही जोडणी इंटरनेट देण्यासाठी आहे. दुसरी, ही जोडणी पडताळून पाहिलेली आहे. पडताळायचं कसं? फोन स्वतःहून एका ठरलेल्या पत्त्यावर एक छोटी विनंती पाठवतो. तिथून उत्तर येतं त्यात मजकूर काहीही नसतो, फक्त २०४ हा आकडा असतो. वेबच्या भाषेत २०४ म्हणजे, तुझी विनंती पोहोचली, देण्यासारखा मजकूर नाही. रेल्वे स्टेशनच्या वायफायने मधेच आपलं लॉगिनचं पान पुढे केलं तर उत्तर २०४ येत नाही, आणि फोन ओळखतो की हे उत्तर पलीकडच्या काठाचं नाही, मधल्याच कुणाचं तरी आहे.

तो खुर्चीत मागे रेलून बसला. 'ओ' या शब्दाला अर्थ तरी काय असतो? आत मजकूर नाही. कोणीतरी आहे आणि त्याला हाक ऐकू आली, एवढंच. त्याच्या खिशातला फोन दर वेळी नव्या जाळ्यात शिरला की हाक मारत होता आणि ओ येते का ऐकत होता. ॲपने त्या फोनला कधी नीट विचारलंच नव्हतं.

पण तेवढ्यानेही भागत नव्हतं, आणि हे त्याला त्याच्या टीममधल्या वरिष्ठ ताईंनी दाखवून दिलं. "फोनला ओ आली ती त्या दुसऱ्या पत्त्यावरून," त्या म्हणाल्या. "आपल्या सर्व्हरवरून नाही. शिवाय ती मघाशी आली. आत्ताचं काय?" आयफोनच्या जगातही प्रोग्रामरना हेच सांगितलं जातं, हे त्यांनी त्याला दाखवलं: आधी वाट मोकळी आहे का विचारत बसू नका, निघा, वाट नसेल तर थांबून राहण्याची सोय २०१७ पासून यंत्रणेतच आहे. जोडणी बदलल्याची वर्दी उपयोगाची असते, पण ती 'आता हाक मारून बघ' एवढं सुचवण्यापुरती. पोहोचलं की नाही, हे फक्त पोहोचलेलाच सांगू शकतो.

मग त्याने उलट दिशेने बांधायला घेतलं. आशाताईने 'पाठवा' दाबलं की नोंद आधी फोनातच पक्की लिहायची, रेंज असो वा नसो. पाठवायचं काम यंत्रणेवर सोपवायचं: जोडणी आली की माझं गाठोडं ने. पूर्वी अशी सोय नव्हती. जोडणी बदलली रे बदलली की ती वर्दी मागणारं प्रत्येक ॲप झोपेतून उठायचं; होडी काठाला लागली की सगळ्या गावाची दारं वाजवावीत तसं. फोनची बॅटरी आणि मेमरी त्यात जायची, म्हणून २०१६ साली अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीने ते बंद केलं. आणि फोनातली नोंद पुसायची कधी? सर्व्हरची पोच आल्यावरच. त्याआधी नाही, कितीही कांड्या दिसोत.

नवी आवृत्ती गेली आणि आठवड्याच्या आत नवी तक्रार आली. एकाच बाळाचं एकाच दिवशीचं वजन सात वेळा नोंदलं गेलं होतं. आरोग्य केंद्राच्या पडद्यावर खोऱ्यात जणू सात बाळं जन्मली होती. मुलाने त्या फोनची नोंदवही काढली. वाऱ्यापावसात रेंज येत होती, जात होती, पुन्हा येत होती. दर वेळी ॲप पुन्हा हाक मारत होतं. नोंद तर पहिल्याच वेळी पोहोचली होती. परतीच्या वाटेवर पोच हरवली होती. ओ आली नाही याचा अर्थ हाक ऐकू गेली नाही असा होत नाही. ओसुद्धा वाऱ्यात जाते.

तेव्हा त्याला ते आठवलं. योकच हाय, घाबरलाय.

त्या रात्री त्याने प्रत्येक नोंदीला एक नाव दिलं. नोंद फोनात लिहिली जाते त्याच क्षणी तिला एक न बदलणारा, दुसऱ्या कुठल्या नोंदीला नसेल असा क्रमांक. सर्व्हरला सांगितलं, हे नाव आधी आलं असेल तर पुन्हा लिहू नकोस, फक्त पोच दे. आणि दोन हाकांमधलं अंतर दर वेळी वाढतं ठेवलं, त्यातही थोडं मागेपुढे केलं, म्हणजे पाऊस उघडल्यावर खोऱ्यातले सगळे फोन एकाच क्षणी ओरडणार नाहीत.

आता सगळं नीट चालत होतं. महिनाभर एकही तक्रार नाही. कंपनीत हे काम संपलं म्हणून पुढचं हातात आलं. पण एका संध्याकाळी तो सर्व्हरचा जुना कोड सहज चाळत होता. तोही त्यानेच लिहिलेला. नोंद आली की सर्व्हर ती एका रांगेत ठेवायचा, फोनला लगेच पोच द्यायचा, आणि मग सवडीने रांगेतून उचलून कायमच्या जागी लिहायचा. असं केल्याने उत्तर झटपट जातं, ॲप चपळ वाटतं. रांग मात्र नुसत्या स्मृतीत होती. मधेच वीज गेली, सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागला, तर रांग पुसली जाणार. आणि फोन? फोनला तर पोच मिळालेली. त्याने आपली प्रत निश्चिंत मनाने पुसलेली.

असं अजून एकदाही घडलेलं नव्हतं. त्याच्या वाटणीचं काम संपलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. तो पडद्याकडे बघत राहिला आणि त्याला घोंगडीतून दिलेली ती ओ ऐकू आली, आणि काठावर रातभर भिजणारा माणूस दिसला. ओ आली म्हणून बसून राहिलेला.

त्याने बॅग पुन्हा उघडली. घरी जायला त्याला रात्रीचे दोन वाजले. आता सर्व्हर आधी नोंद कायमची लिहितो, लिहिल्याची खात्री करतो, आणि मगच पोच देतो. उत्तराला क्षणभर उशीर होतो. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने त्या उशिराबद्दल विचारलं तेव्हा त्याने तात्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. मॅनेजरने पुन्हा काही विचारलं नाही.

मार्गशीर्षात तो पुन्हा खोऱ्यात गेला. पाऊस कधीच संपला होता, दगडावरचं शेवाळ वाळून तपकिरी झालं होतं. आशाताई आता नोंद करायला दगडावर चढत नव्हती. घरातच, चुलीपुढे बसून भरत होती. ॲपमध्ये हिरवा ठिपका राहिला नव्हता. प्रत्येक बाळाच्या नावापुढे दोन अरुंद रकाने होते. एकावर 'कळवलं', दुसऱ्यावर 'कळलं'. तिचेच शब्द, तिच्या वहीतले. एका बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीपुढे दोन्ही रकाने रिकामे होते. नोंद फोनातच होती.

"हे राहिलंय," मुलगा म्हणाला.

"जाईल की. सकाळी भरलंय. वाटंत कुठंतरी जाईल." ती वजनाचा काटा पुसत होती. "रिकामं दिसतंय तोवर मला ठाऊक हाय, अजून कुनाला कळलेलं नाही. मी इथंच हाय."

संध्याकाळी ती दोघं काठावर आली. तिला तापोळ्याला बैठकीला जायचं होतं, त्याला एसटी गाठायची होती. लाँचला अवकाश होता. खडकावर तात्या जाळ्याची भोकं सांधत बसले होते. पाणी स्थिर, त्यावर धुक्याचा पातळ थर. आशाताईच्या पिशवीत फोन एकदा थरथरला. तिने बाहेर काढून पाहिला नाही.

पलीकडून, धुक्याच्या आतून, एक हाक आली. बाईचा आवाज. तिने आपलं नाव सांगितलं, कुणाची कोण ते सांगितलं. तात्यांनी मान वर केली, पण ते काही बोलले नाहीत. जाळं बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठले, खडकावरून सावकाश खाली आले, होडीची दोरी सोडली, आणि एक पाय आत टाकला.

मग तोंडाशी दोन्ही हातांचा कर्णा धरून त्यांनी ओ दिली.